बंद पेटी की पोर्टवाली? स्पीकरच्या बेसचा हिशेब

प्रश्न थोडक्यात असा आहे. साडेसहा इंची वूफर (खालच्या सुरांचा स्पीकर) आणि एक ट्वीटर (वरच्या सुरांचा) घेऊन घरच्यासाठी स्पीकरची जोडी स्वतः बनवायची आहे. खोली साधारण साडेचार बाय साडेतीन मीटर. स्पीकर मागच्या भिंतीपासून हातभरापेक्षा लांब ठेवता येणार नाहीत. मग पेटी पूर्ण बंद ठेवावी की पोर्ट, म्हणजे हवा ये-जा करायला नळीचं भोक, द्यावा? बंद पेटीचा बेस ‘फास्ट’ आणि पोर्टचा ढबढबीत असं जिकडेतिकडे वाचायला मिळतं, ते कितपत खरं? आणि पुढेमागे सबवूफर, म्हणजे फक्त तळाच्या सुरांचा वेगळा स्पीकर, घेतला तर काय?

आधी उत्तर देऊन टाकतो, मग कारणं. या खोलीत आणि भिंतीच्या इतक्या जवळ मी बंद पेटी करेन. पण ती ‘फास्ट’ असते म्हणून नाही. खोली आणि भिंत मिळून खालच्या सुरांना जो उठाव देणार आहेत, त्याच्याशी बंद पेटीचं जमतं म्हणून. हेच स्पीकर मोठ्या खोलीत, भिंतीपासून मीटरभर पुढे आणि सबवूफरशिवाय वाजवायचे असते, तर मी पोर्ट दिला असता. पेटीचा प्रकार हा सगळ्यात शेवटी ठरवायचा मुद्दा आहे. वूफरचे आकडे, खोली आणि ठेवायची जागा या तीन गोष्टी कळल्या की तो बराचसा आपोआप ठरतो.

वूफरचा कोन, म्हणजे त्याचा हलणारा पडदा, पुढे सरकतो तेव्हा समोरची हवा दाबली जाते आणि मागची विरळ होते. म्हणजे जेवढा आवाज पुढून निघतो तेवढाच मागून निघतो, पण उलट्या फेजमध्ये. नुसता वूफर हातात धरून वाजवून पाहा: बेस जवळजवळ गायब असतो, कारण मागची लाट कडेने वळून पुढच्या लाटेला मारून टाकते. मागच्या आवाजाचा बंदोबस्त करणं हे पेटीचं पहिलं काम. बंद पेटी तो आत कोंडून जिरवते. पोर्टवाली पेटी त्यातला खालचा भाग फेज फिरवून बाहेर सोडते आणि कामाला लावते. बाकीचे सगळे फरक इथून निघतात.

बंद पेटीत कोंडलेली हवा स्प्रिंगसारखी वागते. पेटी जितकी लहान तितकी ही स्प्रिंग कडक, आणि वूफरची नैसर्गिक कंपनसंख्या तितकी वर ढकलली जाते. १९५४ मध्ये एडगर विल्चर यांनी अकूस्टिक रिसर्च या कंपनीच्या एआर-१ स्पीकरमध्ये हीच गोष्ट हुशारीने वापरली. त्यांनी वूफरचं स्वतःचं सस्पेन्शन (कोनला धरून ठेवणारी स्प्रिंग) मुद्दाम अगदी सैल ठेवलं आणि कोनला परत आणायचं काम पेटीतल्या हवेवर सोपवलं. कापड-रबराच्या स्प्रिंगपेक्षा हवेची स्प्रिंग जास्त सरळ वागते, त्यामुळे विकृती कमी झाली आणि त्या काळच्या कपाटाएवढ्या स्पीकरचा बेस शेल्फवर मावणाऱ्या पेटीतून येऊ लागला.

पोर्टची कल्पना त्याहून जुनी. बेल लॅब्जच्या अल्बर्ट थुरस यांनी १९३० मध्ये पेटंटसाठी अर्ज केला आणि १९३२ मध्ये ते मिळालं. रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकर मारली की एकच सूर घुमतो; बाटलीतली हवा स्प्रिंग आणि गळ्यातली हवा वजन. पोर्टवाली पेटी म्हणजे हीच बाटली, फक्त फुंकर वूफर मारतो. बाटलीचा सूर ज्या फ्रिक्वेन्सीला जुळवलेला असतो (हीच पेटीची ट्यूनिंग), तिथे कोन जवळजवळ थांबतो आणि आवाज पोर्टमधून येतो. पण नळी किती लांब आणि पेटी किती मोठी, हे पुढची तीसेक वर्षं बरंचसं अंदाजपंचेच चालायचं. १९६१ मध्ये ऑस्ट्रेलियात नेव्हिल थील यांनी या पेटीला विजेच्या फिल्टरसारखं गणितात बसवलं, आणि १९७० नंतर रिचर्ड स्मॉल यांनी बंद आणि पोर्ट अशा दोन्ही पेट्यांसाठी ते काम पुरं केलं. वूफरच्या डेटाशीटवर जे एफएस (वूफरची नैसर्गिक कंपनसंख्या), क्यूटीएस (तिथे कोनची थरथर किती आवरली जाते), व्हीएएस (सस्पेन्शनइतकीच कडक स्प्रिंग होणारी हवा, लिटरमध्ये) असे आकडे छापलेले असतात, ते या दोघांच्या नावावरून थील-स्मॉल पॅरामीटर म्हणून ओळखले जातात.

आता हवेत न बोलता एक वूफर घेऊ. साडेसहा इंची, एफएस ३५ हर्ट्झ, क्यूटीएस ०.३८, व्हीएएस ४० लिटर. बाजारात सहज दिसतील असे आकडे.

याला बंद पेटीत घालायचं आणि क्यू (पेटीसकट वूफरची थरथर किती आवरली जाते तो आकडा) ०.७०७ हवा, म्हणजे उठाव न येता शक्य तेवढा सपाट प्रतिसाद हवा, तर पेटी येते साधारण १६ लिटरची. तिची कंपनसंख्या ६५ हर्ट्झ आणि आवाज ३ डेसिबलने उतरतो तोही ६५ हर्ट्झलाच. हाच वूफर पोर्टवाल्या पेटीत घातला तर गणित सांगतं ३७ लिटर, ट्यूनिंग ३५ हर्ट्झ आणि ३ डेसिबल उतार सुमारे ३५ हर्ट्झला. जवळजवळ पूर्ण एक सप्तक खाली. बेस गिटारची सगळ्यात जाड तार ४१ हर्ट्झला वाजते. त्या सुराला पोर्टवाली पेटी जेमतेम एक डेसिबल कमी पडते, बंद पेटी नऊ डेसिबल. हा फरक कोणालाही ऐकू येईल, त्यासाठी तयार कान लागत नाहीत.

यावर हमखास शंका येते की बंद पेटीही ३७ लिटरची केली तर? केली तर क्यू ०.५५ वर उतरतो, आणि गंमत म्हणजे ३ डेसिबलचा बिंदू खाली जायच्या ऐवजी किंचित वर, ६९ हर्ट्झला जातो. फक्त उतार जास्त हळुवार होतो. म्हणजे या वूफरला बंद पेटीत नुसती जागा देऊन खोल बेस मिळणार नाही. मॅग्नेट तेवढं जोरकस आहे.

पण गोष्ट इथे संपत नाही. बंद पेटीचा आवाज खाली उतरतो तो दर सप्तकाला १२ डेसिबलने. पोर्टवाल्या पेटीचा उतरतो २४ डेसिबलने, कारण ट्यूनिंगच्या खाली पोर्टमधला आवाज आणि कोनचा आवाज पुन्हा उलट फेजमध्ये येतात आणि एकमेकांना खातात. वरच्याच उदाहरणात ३० हर्ट्झला पोर्टवाली पेटी साडेसहा डेसिबल खाली आहे आणि ३७ लिटरची बंद पेटी ११ डेसिबल. २० हर्ट्झला पोहोचलो की पोर्टवाली साडेएकोणीस डेसिबल खाली, बंद पेटी १७. पारडं फिरलं. कागदावर पोर्ट बाजी मारतो तो त्याच्या ट्यूनिंगच्या आजूबाजूच्या पट्ट्यात. अगदी तळाला बंद पेटीच वरचढ.

आता खोली आणू. खोलीच्या सगळ्यात लांब बाजूत अर्धी लाट मावते, त्या फ्रिक्वेन्सीच्या खाली खोली एखाद्या बंद डब्यासारखी वागू लागते आणि खालचे सूर आपोआप वाढतात. साडेचार मीटरच्या खोलीत ही फ्रिक्वेन्सी येते ३८ हर्ट्झ. तत्त्वतः, हवाबंद आणि कडक भिंतींच्या खोलीत ही वाढ दर सप्तकाला १२ डेसिबलपर्यंत जाते, म्हणजे बंद पेटीच्या उताराच्या बरोब्बर उलट. खऱ्या खोलीला दारं-खिडक्या असतात, भिंती थोड्या हलतात, त्यामुळे मिळते त्यापेक्षा बरीच कमी. शिवाय मागची भिंत जवळ असली की बेसला आणखी काही डेसिबल मिळतात, कोपरा असेल तर अजून. बंद पेटीचा हळुवार उतार या वाढीने भरून निघतो आणि ऐकताना तळ कागदावरच्या आकड्यांपेक्षा कितीतरी खाली गेलेला वाटतो. ३५-४० हर्ट्झपर्यंत सपाट असलेली पोर्टवाली पेटी त्याच जागी ठेवली तर आधीच पुरेसा असलेला बेस आणखी फुगतो. मग लोक म्हणतात पोर्टचा बेस वाईट. पेटी एका खोलीसाठी ट्यून केली आणि वाजवली दुसरीत, एवढंच झालेलं असतं.

आता त्या ‘फास्ट’ शब्दाकडे. यावर लोक तावातावाने भांडतात, म्हणून इथे जरा थांबतो.

खालचे सूर उशिरा पोहोचतात हे खरं आहे. प्रत्येक हाय-पास फिल्टर (खालचे सूर कापणारी रचना; पेटीही तीच) थोडा विलंब लावतोच आणि उतार जितका तीव्र तितका विलंब जास्त. आपल्या दोन पेट्यांचा हिशेब मांडला तर ३५ हर्ट्झला पोर्टवाल्या पेटीचा ग्रुप डिले, म्हणजे हा विलंब, येतो सुमारे १७ मिलिसेकंद, १६ लिटरच्या बंद पेटीचा ४. ऐकायला भयंकर फरक. पण ३५ हर्ट्झचं एकच आवर्तन साडेअठ्ठावीस मिलिसेकंदांचं असतं, आणि या सुराला बंद पेटी अकरा डेसिबलने खचलेली असते. उशिरा येणारा सूर आणि फारसा न येणारा सूर यांची तुलना चालली आहे. ७० हर्ट्झला याल तर दोन्ही पेट्यांचा विलंब तीन-साडेतीन मिलिसेकंद, जवळजवळ सारखा. किक ड्रमचा ठोका छातीवर बसतो तो याच पट्ट्यात आणि याच्या वर, आणि त्याची धार तर काही हजार हर्ट्झवर, म्हणजे वूफरच्या हद्दीबाहेर असते. तिथे पोर्टचा काही संबंध नाही. जड कोन ‘मंद’ असतो हाही असाच एक समज. जड कोनची कार्यक्षमता कमी होते. ज्या फ्रिक्वेन्सीला तो हलतोय तिथे तो वेळेवरच हलतो.

मग ढबढब येते कुठून? माझ्या मते बहुतेक वेळा वर ट्यून केलेल्या पोर्टमधून. हाच वूफर १६ लिटरच्याच पेटीत घाला आणि पोर्ट ५० हर्ट्झला ट्यून करा. ७० हर्ट्झच्या आसपास सुमारे ३ डेसिबलचा उंचवटा तयार होतो आणि ५० च्या खाली कडा कोसळतो. शोरूममध्ये दोन मिनिटं ऐकणाऱ्याला हा स्पीकर ‘भरदार’ वाटतो, कारण लहान पेटीतून एवढा बेस येईल अशी अपेक्षा नसते. घरी आणून महिनाभर ऐकला की लक्षात येतं, बेसच्या प्रत्येक गाण्यात तोच एक सूर पुढे येतोय. हे पकडायला डग्ग्यासारखं वाद्य नाही. तळव्याचा दाब देत वादक मींड घेतो तेव्हा सूर सलग वर सरकतो. चांगल्या स्पीकरवर ती सरक एकसारख्या वजनाने ऐकू येते. उंचवटा असलेल्या स्पीकरवर वाटेत एका जागी आवाज फुगतो आणि लगेच बसतो. तुमच्याकडे बंद पेटीचे स्पीकर असतील आणि तरी हे ऐकू आलं, तर बहुधा खोलीचा दोष आहे. खोलीचे स्वतःचे मोड, म्हणजे भिंतींमध्ये अडकून घुमणारे सूर, शेकडो मिलिसेकंद घुमत राहतात, त्यापुढे पेटीचे पंधरा-वीस किरकोळ. किंवा पेटी वूफरसाठी फार लहान असेल. बंद पेटीही गुळमुळीत करता येते: क्यू १.० च्या वर नेला की तीही सव्वा डेसिबल आणि पुढे उंचवटा देते. बीबीसीच्या एलएस३/५ए या जेमतेम पाच लिटरच्या बंद स्पीकरमध्ये वरच्या बेसला असा हलका उठाव आहे, आणि इतक्या चिमुकल्या पेटीतून बेस असल्याचा भास त्यानेच होतो. तिथे तो शोभतो. सरसकट सगळीकडे शोभत नाही.

उलट टोकाला १९७८ चा यामाहा एनएस-१०. बंद पेटी, खोल बेस जवळपास नाहीच, पण आवाज थांबला की थांबतो. स्टुडिओत मिक्सिंगसाठी तो वर्षानुवर्षं ठाण मांडून बसला, त्यात या गुणाचा वाटा मोठा. घरी बसून गाणी ऐकायला मात्र मी कुणाला सुचवणार नाही.

पोर्टच्या बाजूने बोलायचं तर सगळ्यात मोठा मुद्दा कोनच्या हालचालीचा. तेवढाच आवाज एक सप्तक खाली हवा असेल तर कोनला चौपट अंतर हलावं लागतं. बंद पेटीत हा सगळा भार एकट्या कोनवर. पोर्टवाल्या पेटीत ट्यूनिंगच्या आसपास पोर्ट काम करतो, कोनची हालचाल एकदम घटते आणि विकृतीही. मोठ्या आवाजात ४० हर्ट्झला साडेसहा इंची वूफर कुठला जास्त स्वच्छ वाजेल, तर पोर्टमधला, यात वाद नाही. स्मॉल यांच्या गणिताप्रमाणे तेवढीच पेटी आणि तेवढाच तळ धरला तर पोर्टवाल्या रचनेला सुमारे ३ डेसिबल जास्त कार्यक्षमता मिळू शकते. म्हणजे निम्म्या वॅटमध्ये तेवढाच आवाज. अर्थात त्यासाठी वूफरही तसा घडवलेला हवा. केएलएच या स्पीकर कंपनीतला ‘एच’ म्हणजे हॉफमन. त्यांच्या नावाने एक नियम सांगतात की लहान पेटी, खोल बेस आणि कार्यक्षमता या तिन्हींपैकी दोनच घ्या. पोर्ट हा नियम मोडत नाही, थोडी सवलत मिळवून देतो.

सवलतीची किंमत ट्यूनिंगच्या खाली मोजावी लागते. तिथे पोर्ट म्हणजे पेटीला नुसतं भोक. मागची हवेची स्प्रिंग नाहीशी होते आणि कोन मोकाट सुटतो. बंद पेटीत असं होत नाही. तळाला कोनची हालचाल एका मर्यादेला जाऊन थांबते. रेकॉर्ड प्लेअर वापरणाऱ्यांनी हे डोळ्यांनी पाहिलं असेल. किंचित वाकलेली रेकॉर्ड लावली की पोर्टवाल्या स्पीकरचे कोन काही ऐकू येत नसताना लपलप पुढेमागे होतात. ती हालचाल दहा हर्ट्झच्याही खालची असते, आवाज शून्य, पण कोनला हलवणारी व्हॉइस कॉइल मॅग्नेटच्या गॅपमधून बाहेर पडायला लागते आणि वरचे सूर गढूळ होतात. फोनो स्टेजला (रेकॉर्ड प्लेअरचा प्री-ॲम्प) रंबल फिल्टर, म्हणजे ही खोल हालचाल कापणारा फिल्टर, असेल तर चालू करा. सिनेमे मोठ्याने पाहत असाल तर ३५ ला ट्यून केलेल्या पेटीला २५ हर्ट्झच्या आसपास हाय-पास फिल्टर देणं शहाणपणाचं.

दुसरी किंमत नळीची. ३७ लिटर आणि ३५ हर्ट्झसाठी ५ सेंटीमीटर व्यासाची नळी घेतली तर लांबी येते फक्त ९ सेंटीमीटर. छान मावते. पण एवढ्याशा तोंडातून साडेसहा इंची वूफरची हवा जोरात जाऊ लागली की फसफस ऐकू येते. हवेचा वेग सेकंदाला १७ मीटरच्या आत ठेवावा असा साधारण दंडक आहे. १० सेंटीमीटरची नळी घ्या, फसफस संपेल, पण लांबी ४५ सेंटीमीटर. ती या पेटीत सरळ बसणारच नाही. ७ सेंटीमीटरची नळी २० सेंटीमीटर लांब होते, हा मधला मार्ग, आणि दोन्ही तोंडं गोलाई दिलेली घेतली तर आणखी बरं. याच कारणाने अगदी लहान पेटीला खोल ट्यून करणं जमत नाही: १६ लिटरला ३५ हर्ट्झ हवे तर ७ सेंटीमीटरची नळी ५४ सेंटीमीटर होते. तिथे नळीऐवजी पॅसिव्ह रेडिएटर लावतात, म्हणजे मोटर नसलेला कोन. काम तेच, फसफस नाही, खर्च जास्त.

नळी स्वतःही वाजते. २० सेंटीमीटरची नळी साडेसहाशे-पावणेसातशे हर्ट्झच्या आसपास शिट्टीसारखा अनुनाद देते आणि पेटीतला मधला आवाजही तिच्यातून बाहेर गळतो. तो पट्टा म्हणजे माणसाच्या आवाजाचा. पोर्ट मागच्या बाजूला देतात त्यामागचं एक मोठं कारण हे. ‘मागचा पोर्ट म्हणजे बेस मागे जातो’ हा गैरसमज आहे. ४० हर्ट्झची लाट साडेआठ मीटर लांब असते, तिला पुढचं-मागचं कळत नाही. पोर्टचं तोंड आणि भिंत यांच्यात निदान नळीच्या व्यासाएवढी, शक्यतो दुप्पट जागा ठेवली की हवा अडत नाही. भिंतीजवळ बेस फुगतो तो स्पीकर भिंतीजवळ असल्यामुळे. पोर्ट पुढे आणला म्हणून तो फुगवटा जाणार नाही.

सबवूफरचा बेत पक्का असेल तर माझं मत सरळ बंद पेटीकडे झुकतं. ८० हर्ट्झला क्रॉसओव्हर लावला, म्हणजे त्याखालचे सूर सबकडे वळवले, की खाली पेटी काय करते याला फारसं महत्त्व उरत नाही, आणि बंद पेटीचा दर सप्तकाला १२ डेसिबलचा उतार अधिक रिसीव्हरचा १२ डेसिबलचा फिल्टर मिळून व्यवस्थित २४ डेसिबलचा उतार तयार होतो. सबच्या २४ डेसिबलच्या फिल्टरशी तो फेजमध्येही जुळतो. त्यासाठी पेटीचा ३ डेसिबल उताराचा बिंदू ८० च्या जवळ आणि क्यू ०.७०७ च्या जवळ हवा. आपली १६ लिटरची पेटी त्या मानाने जवळ आहे. पोर्टवाल्या स्पीकरसोबतही सब जुळतो, पण सबची जागा, फेज आणि डिले यांच्याशी जास्त झटापट करावी लागते.

सब नसेल आणि ॲम्प्लिफायरमध्ये डिजिटल इक्वलायझर असेल तर बंद पेटीचा तळ वीज देऊन खाली खेचता येतो. सिग्फ्रीड लिंकविट्झ यांच्या नावाचं सर्किट नेमकं हेच करतं: पेटीची मूळ फ्रिक्वेन्सी आणि क्यू पुसून त्या जागी आपल्याला हवे ते बसवतं. पण १२ डेसिबलचा उठाव म्हणजे सोळापट वॅट, आणि कोनचा चौपट प्रवास. साडेसहा इंचीला एवढं झेपत नाही. चार-पाच डेसिबलवर थांबा. मोठ्या बंद सबवूफरमध्ये मात्र ही युक्ती झकास चालते.

वूफर अजून घेतला नसेल तर डेटाशीटवर एफएसला क्यूईएसने (क्यूटीएसचा मॅग्नेट-कॉइलकडून येणारा भाग) भागा. उत्तर ५० च्या खाली आलं तर तो वूफर बंद पेटीचा, १०० च्या वर आलं तर पोर्टचा, मधलं असेल तर दोन्हीकडे चालतो. आपल्या उदाहरणात क्यूईएस ०.४२ धरला तर येतात ८३. हा ठोकताळा आहे, कायदा नाही, पण चुकीचा वूफर विकत घेण्यापासून तो वाचवतो. ०.५ च्या वर क्यूटीएस असलेला वूफर पोर्टच्या पेटीत घालू नका. उंचवटा टाळणं कठीण जातं. आणि शक्य असेल तर छापील आकड्यांवर न विसंबता वूफर तासभर वाजवून स्वतः मोजा. छापील आणि खऱ्या एफएसमध्ये दहा-पंधरा टक्के तफावत अजिबात नवलाची नाही.

बांधणीत बंद पेटी जास्त माफ करते. दोन लिटर इकडेतिकडे झाले तर कानाला कळतही नाही. तिचा एकच हट्ट: हवा गळता कामा नये. वूफरखाली गास्केट, टर्मिनलच्या भोवती सीलंट, वायरच्या भोकात सुद्धा. बोटांनी कोन अलगद दाबला की उशीसारखा विरोध जाणवला पाहिजे आणि सोडल्यावर तो जरा सावकाश परत आला पाहिजे. पॉलिएस्टरचा कापूस आत सैलसर भरा; त्याने पेटी वागायला दहा ते वीस टक्के मोठी होते आणि मधला आवाज आतल्या आत शोषला जातो. पोर्टवाल्या पेटीत असा ठासून कापूस भरला तर पोर्टच गुदमरतो. तिथे फक्त भिंतींना दोन-तीन सेंटीमीटर अस्तर द्यायचं आणि वूफरपासून नळीपर्यंतची वाट मोकळी ठेवायची. वूफर, नळी आणि आतले आधार जेवढी जागा खातात तेवढे लिटर आधीच वाढवून घ्यायचे, हे दोन्हींना लागू.

अजूनही मन पोर्टकडे ओढत असेल तर ३७ लिटरची पेटी करा, नळी बसवा आणि सोबत फोमचा घट्ट बोळा ठेवा. बोळा घातला की तीच पेटी ०.५५ क्यूची बंद पेटी होते, आणि भिंतीजवळ ती सुरेख वाजते. पुढे मोठ्या खोलीत गेलात की बोळा काढायचा. आकार खपत असेल तर मला हा पर्याय मनापासून आवडतो.

फक्त नळी आधीपासून नेमक्या मापाची कापू नका. २० च्या जागी २४ सेंटीमीटर ठेवा आणि पेटी पूर्ण तयार झाल्यावर सिग्नल जनरेटरच्या ॲपमधून साइन वेव्ह सोडा. आवाज बेताचा ठेवून ५० हर्ट्झपासून एकेक हर्ट्झ खाली या आणि कोनच्या कडेवर बोट अगदी हलकं टेकवून पाहा. एका फ्रिक्वेन्सीला कोनची थरथर जवळजवळ थांबते आणि पोर्टच्या तोंडाशी धरलेल्या तळव्याला हवा सगळ्यात जोरात लागते. तीच खरी ट्यूनिंग. ती ३२-३३ ला सापडेल. मग एकेक सेंटीमीटर कापत या. प्रत्येक सेंटीमीटरला ट्यूनिंग साधारण अर्ध्या-पाऊण हर्ट्झाने वर सरकते. दोन्ही पेट्या स्वतंत्रपणे मोजा, एकीचं माप दुसरीला लावू नका.